एक गज एकवीस तसू

मित्रांनो, मी मापाची काठी आहे. सागाची, जुनी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणे बसवलेली. माझी लांबी एक गज एकवीस तसू. गज म्हणजे चोवीस तसू आणि तसू म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढे अंतर. तुम्हाला हे कुणी सांगितले नसेल, म्हणून आधीच सांगते. बैलगाडीच्या दोन चाकांमध्ये किती अंतर ठेवायचे, ते माझ्यावरून ठरते. रेणापूर ते लातूर या वाटेवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांची चाके मला लावून बघूनच बसवलेली आहेत. पूर्वी मला याचा फार अभिमान वाटे. आता थकवा वाटतो.

माझा जन्म फसली तेराशे सदतीस साली, म्हणजे इसवी सन एकोणीसशे सत्तावीसच्या सुमारास, निजाम सरकारच्या अमलात, रेणापूरच्या नागप्पा पांचाळांच्या पडवीत झाला. माझे लाकूड किनवटकडच्या जंगलातले. नांदेडच्या वखारीतून ते इकडे आले. नागप्पा गाड्या घडवत. त्यांनी बसवलेला चाकाचा आरा वीस वर्षे खिळखिळा होत नसे, असे लोक म्हणत. माणूस अबोल होता. मनातले बोलायला त्यांना नेहमी उशीर होई, आणि पुढचे सगळे त्यातूनच घडले.

कापसाचा हंगाम आला की आमच्याकडच्या गाड्या लातूरच्या पेठेला निघत. वाटेत तीन कोस काळी चिकट जमीन होती. दिवाळीपर्यंत तिथला चिखल वाळत नसे. त्यात प्रत्येक गावची गाडी वेगळ्या रुंदीची. एकीची चाकोरी दुसरीला चालत नसे. सगळी वाट नांगरल्यासारखी झालेली असे. गाड्या रुतत, बैल गुडघे टेकत, आणि पेठेत पोचायला दोन-दोन दिवस लागत.

लातूरचे आडते, म्हणजे कापसाचे दलाल, सिद्रामप्पा यांनी यावर उपाय शोधला. त्या तीन कोसांत घडीव दगडाच्या दोन पट्ट्या टाकायच्या, वीतभर रुंदीच्या. एका पट्टीवर डावे चाक, दुसरीवर उजवे. मधल्या मुरमावरून बैल चालतील. त्यांनी तहसिलीतून परवानगी आणली, गावोगाव फिरून लोकांना राजी केले आणि एके दिवशी सकाळीच नागप्पांच्या पडवीत येऊन बसले.

"नागप्पा, दगड एकदाच बसायचा," ते म्हणाले. "त्याच्यावर समद्यांच्या गाड्या चालायच्या. तवा माप एकच पायजे. ते तूच ठरव."

नागप्पांच्या मनात दोन गज तीन तसू असे माप होते. त्यांच्या हातच्या चांगल्या गाड्या तेवढ्याच रुंद असत. पण सिद्रामप्पांनी एक अडचण सांगितली. लातुरात त्यांच्या आडतीला वडिलांच्या वेळचा एक दगडी दरवाजा होता. कापसाची प्रत्येक गाडी त्यातूनच आत जाई. त्याची रुंदी होती दोन गज नऊ तसू. आख म्हणजे दोन चाके जोडणारा दांडा; त्याची टोके चाकांच्या बाहेर चार-चार तसू येतात. दोन्ही अंगांनी मूठभर जागा तरी सुटायला हवी. नागप्पांनी बोटांवर हिशेब केला आणि उरले ते एक गज एकवीस तसू.

त्या वेळी पडवीत शरणम्मा बसल्या होत्या. चाकाची लोखंडी धाव सैल झाली म्हणून त्यांनी गाडी आणली होती. नवरा गेल्यावर त्या स्वतःचे शेत स्वतः करत आणि गाडीही स्वतःच हाकत. लातूरच्या पेठेत गाडी घेऊन येणारी बाई तेवढी एकच. त्यांनी हे बोलणे ऐकले आणि त्यांच्याने राहवले नाही.

"अप्पा, हे माप लहान व्हायलंय," त्या सिद्रामप्पांना म्हणाल्या. "कापूस भरला की गाडी दोन पुरुष उंच होती. बूड अरुंद आसलं तर ती डोलंल की. एका दरवाज्यापायी समद्या गाड्या कशाला आखडायच्या?"

"अक्का, दरवाजा पुढच्या साली रुंद करून घेणार हाय मी. तवर हे माप चालू द्या. मग बदलू."

"दगड बसल्यावर?"

"मग बदलू म्हणलं ना."

शरणम्मांनी नागप्पांकडे पाहिले. नागप्पांना त्यांचे म्हणणे पटले होते. ते खाली मान घालून करवतीचे दात बघत राहिले. समोर बसलेला माणूस गावाचे भले करायला निघाला होता. त्याला नाही कसे म्हणायचे? दुपारी त्यांनी मला कापले, तासले आणि टोकांना टोपणे ठोकली. मी सहा तसूंनी तोकडी जन्मले.

मित्रांनो, पहिली काही वर्षे फार आनंदाची गेली, हे कबूल केले पाहिजे. पाथरवटांनी मला मध्ये धरून दगड बसवले. माझ्या बरहुकूम चाकूरच्या सुतारांनी काठ्या कापून नेल्या, पानगावच्यांनीही नेल्या. जुन्या गाड्या खोलून त्यांचे आख कापले गेले. नव्या गाड्या माझ्या मापाने जन्मल्या. ज्या वाटेला दोन दिवस लागत, ती सकाळी निघून तिसऱ्या प्रहरी संपू लागली. बैलांच्या खांद्यांवरचे घट्टे कमी झाले. दसऱ्याला नागप्पा हत्यारांची पूजा मांडत, तेव्हा करवत आणि लाकूड तासायचा वाकस यांच्याही आधी मला हळदकुंकू लागे. शरणम्मांनीसुद्धा आपल्या गाडीचा आख कापून घेतला. दुसरा इलाज नव्हता. रुंद गाडी दगडावर चालत नव्हती आणि दगडाच्या बाहेर चिखल होता.

तिसऱ्या वर्षी सिद्रामप्पांनी शब्द पाळला. दरवाजा पाडून चांगला तीन गजांचा केला. नागप्पा तेव्हा कामानिमित्त लातुरात होते आणि मी त्यांच्या खांद्यावर होते. ते त्या नव्या दरवाज्यापुढे बराच वेळ उभे राहिले. सिद्रामप्पा गादीवर बसलेले समोर दिसत होते. त्या वेळी दगड दीड कोसच बसला होता. माझ्या मापाच्या गाड्या शे-सव्वाशे असतील. तेव्हा बदलले असते तर एका उन्हाळ्यात बदलून झाले असते. नागप्पा दोन पावले पुढे गेले. तेवढ्यात आत कुणी पाहुणे आले. नागप्पा थांबले, वळले आणि परत रेणापूरला आले. घरी कुणाला काही बोलले नाहीत.

त्यानंतर उरलेला दीड कोसही माझ्याच मापाने झाला. वाटेवरच्या मोऱ्या माझ्या मापाने बांधल्या गेल्या. लोकांनी घरची छपरे, खळ्यांची तोंडे, गोठ्यांची दारे त्याच मापाची केली. लोहार आखाची कांब तेवढीच तोडून ठेवू लागले. माझे माप एका दरवाज्यावरून आले, हे माहीत असणारी माणसे तीनच होती. बाकीच्यांना जेव्हा प्रश्न पडे, तेव्हा ते आपापली उत्तरे देत. कुणी म्हणे, बैलांच्या खांद्यांतले अंतर मोजून हे माप काढले आहे. पानगावचे एक वृद्ध गृहस्थ सांगत की हे शास्त्रातले माप आहे, यात अर्धा तसू जरी बदलला तरी घरात दुखणे शिरते. ते ऐकून मला आधी गंमत वाटली. नंतर भीती वाटू लागली. दरवाजा पाडता येतो. शास्त्र कोण पाडणार?

दगडात हळूहळू घळी पडत गेल्या. लोखंडी धावा रोज त्याच रेषेवरून जात. दहा वर्षांत दगडात दोन बोटे खोल पन्हाळ झाली. रेणापूर सोडले की थोड्या अंतरावर एक ओढा आहे. त्याच्या उतारावर डावी घळ उजवीपेक्षा खोल गेली. गाड्या तिथे एका अंगाला कलत. गाडीवान खाली उतरून खांदा लावत आणि गाडी पार होई. वर्षाला एक-दोन गाड्या उलटत. लोक म्हणत, भरणाऱ्याने नीट भरली नसेल.

मग पौषातल्या एका सकाळी शरणम्मांची गाडी उलटली.

मी तिथे नव्हते. एक गाडीवान धावत पडवीत आला आणि त्याने सांगितले. गाडी नीट भरली होती, दोर नीट आवळले होते. उतारावर डावे चाक घळीत बसले आणि वरचा कापूस डोलला. शरणम्मा त्या बाजूने खांदा द्यायला उतरल्या होत्या. सगळी गाडी त्यांच्यावर आली. डावीकडचा बैल मानेवर पडून जागीच गेला. बाईंना लातूरच्या दवाखान्यात नेले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

नागप्पांनी हातातला वाकस खाली ठेवला तो पंधरा दिवस उचलला नाही. मग एक कुबडी घडवली. बाभळीची, बगलेत टोचू नये म्हणून वर कापूस आणि कातडे लावलेली. ती घेऊन ते शरणम्मांच्या घरी गेले. त्यांनी मलाही बरोबर घेतले होते. शरणम्मा ओसरीवर बसल्या होत्या. नागप्पांनी मला त्यांच्यापुढे आडवे ठेवले.

"अक्का, ही माझी चूक हाय. दरवाजा पाडला त्या दिशी मी अप्पाच्या दारात गेलतो. बोललो न्हाई. तसाच मागं आलो."

शरणम्मांनी मला उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मला लई राग हाय तुमचा, दादा. पण त्यानं पाय येणार न्हाई. आता बोलणार हाव का, ते सांगा."

"बोलतो," नागप्पा म्हणाले.

त्यांनी आधी एक रुंद गाडी घडवली, दोन गज तीन तसूंची. लोकांना दाखवावी म्हणून रिकामीच वाटेवर काढली. एक चाक घळीत बसले. दुसरे घळीच्या काठावर चढे, घसरे, पुन्हा चढे. पाव कोसावर आख मोडला. मागे गाड्यांची रांग लागली. गाडीवान हसले, काही चिडले. नागप्पांनी मोडलेली गाडी बैलांनिशी बाजूला ओढली आणि ढेकळांत उभे राहून सगळ्यांना आधी जाऊ दिले.

मग बैठक झाली. सिद्रामप्पा आता पासष्टीला टेकले होते. तामीरात म्हणजे बांधकाम खात्याचे ओव्हरसियर श्रीपादरावही आले होते. नागप्पा उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलले. माप कुठून आले ते सगळे सांगितले. लोक चकित झाले. पानगावचे ते वृद्ध गृहस्थ उठूनच गेले.

"माप वाईट हाय, हे कबूल," एक शेतकरी म्हणाला. "पण मी एकट्यानं गाडी रुंद केली तर चालवू कुठं? आधी वाट बदला."

"वाट बदलली तर आमच्या हजारभर गाड्या कुठं जातील?" दुसरा म्हणाला.

दोघांचेही खरे होते. बैठक दिवस मावळेपर्यंत चालली आणि त्या दोन वाक्यांच्या पुढे सरकली नाही. शेवटी सिद्रामप्पा म्हणाले, "दरवाजा माझा होता, मी पाडला. ही वाट आता कुणाची हाय, तेच कळंना. कुणाला सांगून पाडू?" त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यावर रागावणे मला कधीच जमले नाही.

घरी आल्यावर नागप्पांनी श्रीपादरावांना बोलावून माझ्यावर कोळशाने अक्षरे लिहून घेतली आणि तापल्या सळईने ती माझ्या अंगात कोरली. "हे माप लातूरच्या आडतीच्या जुन्या दरवाज्यावरून घेतले. तो दरवाजा आता नाही." सळई लागताना फार भाजले. पण दहा वर्षे जे तीन माणसांच्याच पोटात होते, ते आता वाचता येत होते.

वाट काढली ती शरणम्मांनी. कुबडी घेऊन त्या ओढ्यापर्यंत जात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत बसत. एक दिवस त्या थेट पडवीत आल्या.

"दादा, जुना दगड उपटू नका. हाय तसा राहू द्या. त्याच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक पट्टी टाका, दोन्हीकडं. अरुंद गाडी घळीतून जाईल, रुंद गाडी नव्या पट्टीवरून. कुणाचं कायबी मोडायचं न्हाई."

नागप्पांनी जवळ पडलेला एक आख ओढून घेतला. मग म्हणाले, "आणि मी नवा आख लांब ठेवतो. आज चाक आत बसवायचं. वाट झाली की बाहेर सरकवायचं. आख कापायला नको, नवा घ्यायला नको."

श्रीपादरावांनी वरती दरख्वास्त लिहिली. ती तीनदा परत आली. चौथ्यांदा मंजूर झाली, पण वर्षाला फक्त पाव कोसाहून थोडे जास्त काम.

मित्रांनो, यानंतरची आठ वर्षे सांगण्यासारखी नाहीत, आणि म्हणूनच ती सांगायला हवीत. तीन कोसांतली वाट जोवर पुरी होत नाही, तोवर रुंद गाडी चालणार नाही. म्हणजे सात वर्षे दगड बसत होता आणि एकाही माणसाला त्याचा उपयोग नव्हता. लोक विचारत, "सुतारबुवा, कुणासाठी करायलाव हे?" उन्हाळ्यात काम, पावसाळ्यात बंद. कधी दगड नाही, कधी पाथरवट नाही, कधी मंजुरी अडकलेली. श्रीपादरावांची बदली नांदेडला झाली. तिकडून ते कागद हलवत राहिले. सिद्रामप्पा पाचव्या वर्षी वारले. त्या काळात उतारावर आणखी चार गाड्या उलटल्या. दर वेळी नागप्पा जाऊन चाकाजवळ बसत आणि मुकाट्याने दुरुस्ती करून देत.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मला हाताने चाचपून ते माप घेऊ लागले. नव्या गाड्या मात्र सगळ्या लांब आखाच्या. गिऱ्हाईक विचारी, हे बाहेर आलेलं टोक कशाला? नागप्पा म्हणत, "राहू द्या. लागंल."

आठव्या वर्षाच्या माघात शेवटची पट्टी बसली. दुसऱ्या दिवशी शरणम्मांनी आपल्या लांब आखाच्या नव्या गाडीची चाके तीन-तीन तसू बाहेर सरकवून घेतली. गाडीवर दोन पुरुष उंच कापूस भरला. हाकायला त्यांचा भाचा रेवणसिद्ध होता, चांगला तिशीतला गडी. त्या स्वतः पुढे बसल्या आणि नागप्पांना म्हणाल्या, "चला दादा, बसा."

नागप्पांना दिसत नव्हते. त्यांनी एका हाताने गाडीचा दांडा घट्ट धरला आणि दुसऱ्या हातात मला. त्यांच्या तळव्याला घाम सुटलेला मला कळत होता. गाडी चालू लागली. चाकांचा एकसारखा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "अक्का, ओढा आला की सांगा. मी उतरून खांदा लावतो."

शरणम्मा हसल्या. "ओढा मघाच गेला की, दादा."

नागप्पांनी दांड्यावरची पकड सोडली. लातूर येईपर्यंत ते रडत होते.

दोन वर्षांनी ते गेले. आज त्या वाटेवर दर दहा गाड्यांत तीन रुंद आहेत. बाकीच्या अजून माझ्याच मापाने धावतात, कारण चांगली गाडी तीस वर्षे टिकते आणि चालणारी गाडी कुणी मोडत नाही. सुतार अजून मला मागायला येतात. काही जण माझ्या अंगावरचे वाचतात. काही जण नुसते माप घेतात आणि जातात. रझाकारांच्या धामधुमीत ही वाट कित्येक महिने ओस पडली होती, तेव्हा मला वाटले, आता तरी मी सुटले. पण गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि मला पुन्हा खुंटीवरून काढले. लाकूड झिजते, टोपणे गंजतात. माप मात्र मरत नाही.

मला तुमच्याकडून काही जास्त नको आहे. मला तेल लावू नका, पूजाही करू नका. एवढेच करा. मोठेपणी तुमच्यातला कुणीतरी असे काही ठरवील, जे मागाहून हजारो लोक वापरतील. एखादे माप असेल, एखादी रीत असेल, नाहीतर यंत्राचा एखादा भाग. तेव्हा तुम्ही घाईत असाल. समोर मोठी, भली माणसे बसलेली असतील, आणि ती म्हणतील, आता हे चालू द्या, मग बदलू. त्याच वेळी कोपऱ्यात बसलेले कुणीतरी शंका काढील. त्याला गप्प करू नका. उठून त्याला पाणी द्या, जवळ बसवा आणि विचारा, "तुमचं काय म्हणणं हाय?"